आळीचा अभ्यासक्रम

दहावीला मला मिळालेले मार्क सायन्सला जायला पुरेसे आणि सायन्समध्ये टिकायला अपुरे होते. हे मला कळत होतं, घरी कोणाला पटत नव्हतं. मी आर्ट्सचा फॉर्म भरला आणि घरी भेटायला येणाऱ्यांच्या आवाजात एकदम हळुवारपणा आला. दहावी-बारावीच्या बाबतीत माणसं अशी बोलत नाहीत, दहाव्या-बाराव्याला बोलतात.

"मार्क कमी पडले का रे?"

"नाही, मला आवड आहे."

"असू दे, असू दे," असं म्हणून ते पाठीवर हात ठेवायचे आणि आईकडे वळून विचारायचे, "झोप लागते ना त्याला?"

थोरल्या काकांचा आक्षेप वेगळा होता. त्यांना आर्ट्स चालत होतं, अकरावी चालत नव्हती. "आमच्या वेळी अकरावीला मॅट्रिक. मग पी.डी., म्हणजे प्री-डिग्री. त्यातून वाचला तो पदवीला. तुमचं हे ज्युनिअर कॉलेज म्हणजे धड शाळा नाही, धड कॉलेज नाही." नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ साली झाली आणि पहिली बारावी १९७७ साली. मी अकरावीत गेलो तोवर या व्यवस्थेला तप उलटून गेलं होतं, पण काकांनी तिला अजून मान्यता दिलेली नव्हती.

गाव वाई. आता वाईत राहून आर्ट्सला जाणं सोपं नाही. मराठी विश्वकोशाची कचेरी आमच्याच गावात. १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला आणि तेव्हापासून खंडामागून खंड येतच होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी गावातच राहायचे. जगातलं सगळं ज्ञान अकारविल्हे लावणारी माणसं ज्या गावात भाजी घ्यायला बाहेर पडतात, तिथे 'मी समाजशास्त्र शिकतो' असं मोठ्याने म्हणायला धाडस लागतं. तर्कशास्त्राचा पर्याय होता. पण तर्कतीर्थांच्या गावात तर्कशास्त्रात नापास होण्याची माझी हिंमत नव्हती, म्हणून तो विषय मी सोडला. माझ्या आयुष्यातला तो बहुधा शेवटचा तर्कशुद्ध निर्णय.

उरले समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र. या चौघांनी माणूस आपसात वाटून घेतला होता. खिसा अर्थशास्त्राकडे, मत राज्यशास्त्राकडे, डोकं मानसशास्त्राकडे आणि वाटणीनंतर उरलेला अख्खा माणूस समाजशास्त्राकडे. पहिल्या महिन्यातच माझी अशी पक्की समजूत झाली, की समाज म्हणजे मी सोडून बाकीचे सगळे. ते वागणार आणि मी वहीत लिहिणार.

सुरुवात मी मानसशास्त्रापासून केली, कारण त्याला साहित्य कमी लागतं. पावलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळालं ते खरं तर पचनक्रियेवरच्या कामासाठी; पण आमच्या पुस्तकात तो कुत्र्यामुळे होता. अन्न देताना दर वेळी एक ठरावीक आवाज ऐकवत राहिलं, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते. माझ्याकडे सायकलची घंटी होती, आजीने बाजूला ठेवलेली शिळी भाकरी होती आणि आळीत मोत्या होता. घंटी, भाकरी, घंटी, भाकरी. पावलॉव्हने लाळ नळीने गोळा करून मोजली होती. माझ्याकडे नळी नसल्यामुळे मी वहीत 'भरपूर' अशी नोंद करायचो.

प्रयोग यशस्वी झाला, आणि अडचण तिथूनच सुरू झाली. वाईत सायकल फक्त माझ्याकडे नव्हती. मोत्या आता कुठलीही घंटी ऐकली, की जिभल्या चाटत सायकलमागे धावायचा. पुस्तकात याला उद्दीपकाचं सामान्यीकरण म्हणतात. आमच्या पोस्टमननी याला वेगळं नाव दिलं, ते छापण्यासारखं नाही. मोत्या चावत नव्हता, केवळ आशेने धावत होता. पण धावणाऱ्या कुत्र्याची आशा सायकलवरच्या माणसाला दिसत नाही. पोस्टमन गटारात, मनीऑर्डरी गटारात, आणि आळीतले पेन्शनर आमच्या दारात.

यावरही पुस्तकात उपाय होता, विलोपन. घंटी वाजवायची, पण भाकरी द्यायची नाही. हळूहळू सवय सुटते. मी तसं सुरू केलं. मोत्या घंटी ऐकून यायचा, बसायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मी निग्रहाने आत जायचो. मग मागच्या दाराने आजी त्याला भाकरी घालायची. रोज नाही, तिला दया येईल तेव्हा. बक्षीस कधी मिळतं आणि कधी मिळत नाही, अशा तऱ्हेने लागलेली सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनरने दाखवून दिल्याचं मी पुढच्या धड्यात वाचलं. आमच्या आजीने स्किनर वाचला नव्हता, तिने तो थेट राबवला. दिवाळीपर्यंत मोत्या आळीत पक्का झाला होता आणि संध्याकाळी दारात येऊन एकदा भुंकला, की मी पुस्तक मिटून स्वयंपाकघराकडे निघायचो. धाकट्या भावाने माझ्या वहीत 'प्रयोगातील प्राणी' या रकान्यात मोत्याचं नाव खोडून माझं लिहिलं.

राज्यशास्त्र मी घरातच वापरलं आणि तिथेच आवरलं. वडील पंचायत समितीत कारकून. संविधानाचा तिसरा भाग, कलम १२ ते ३५, मूलभूत हक्क, हे आमचं नुकतंच शिकवून झालं होतं. रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्यावरून विषय निघाला तेव्हा मी कलम १९ काढलं. संचारस्वातंत्र्य. वडिलांनी चष्मा काढून पुसला.

"बरोबर आहे तुझं. पण त्याच कलमात वाजवी बंधनं घालता येतात असंही आहे. वाचलंस का पुढे?"

पुढे वाचलं नव्हतं. मी विषय बदलला. "मग खर्चाला पैसे वाढवून मिळावेत."

"ते चौथ्या भागात. मार्गदर्शक तत्त्वं. द्यायचा प्रयत्न करणं माझं कर्तव्य आहे, पण तुला त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. कलम ३७."

"आणि ही सायकल? ती तरी माझीच ना?"

"मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ सालीच काढून टाकलाय. चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती. आणि उद्यापासून ती घंटी काढून ठेव."

आई आतून हसली. घटनापीठ एकमताचं होतं.

खरी फजिती समाजशास्त्राची. समाजशास्त्राचे सर उत्साही होते. भारतात या विषयाचा विभाग पहिल्यांदा १९१९ साली मुंबई विद्यापीठात निघाला आणि तिथले पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडेस हे मुळात जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. शहराचा आराखडा करायचा, तर आधी पायी फिरून ते नीट पाहून घ्या, असा त्यांचा आग्रह. आमच्या सरांनी हे फारच मनावर घेतलं होतं. "पुस्तकातला समाज पुरे. बाहेर पडा. प्रश्नावली घ्या. आपापल्या आळीतल्या कुटुंबांची पाहणी करा." सूचना दोनच: उत्तर सुचवायचं नाही, आणि समोरच्याचा विश्वास संपादन करायचा.

प्रश्नावली मी कार्बन लावून स्वतः तयार केली. कुटुंबाचा प्रकार: संयुक्त की विभक्त? एकूण व्यक्ती किती? कमावत्या किती? मासिक उत्पन्न? कुटुंबातील निर्णय कोण घेते? मॅलिनोवस्की अभ्यासासाठी पार ट्रोब्रियंड बेटांवर जाऊन राहिला होता. मी तीन घरं सोडून चौथ्या घरी गेलो. पॅड, टोक केलेली पेन्सिल, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

काकूंनी दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता पॅडकडे बघितलं. "कसली वर्गणी?"

"वर्गणी नाही, काकू. पाहणी आहे. समाजशास्त्राची."

"रेशनकार्डावरचं नाव कापणार का?"

"नाही हो. कॉलेजचं आहे."

"मग बस. चहा घेणार का?"

मी बसलो. विश्वास संपादन होतोय असं वाटून बरं वाटलं. "काकू, कुटुंबात एकूण व्यक्ती किती?"

"कशा मोजायच्या? जेवणाऱ्या, का राहणाऱ्या?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. "म्हणजे?"

"वासू नोकरीला पिंपरीला असतो, पण त्याचं मत इथं. नणंद माहेरपणाला आलीय, दसऱ्यापासून आहे. मागच्या खोलीतला विद्यार्थी राहतो इथं, जेवतो खाणावळीत, पण आजारी पडला की आमचाच."

मी 'सात' लिहिलं, खोडलं, 'पाच' लिहिलं. इरावती कर्व्यांनी संयुक्त कुटुंबाची खूण सांगितली आहे: एका छपराखाली राहणारे, एका चुलीवर शिजलेलं जेवणारे, मालमत्ता सामाईक असलेले, देवधर्म एकत्र करणारे नातलग. मी धीर करून विचारलं, "कुटुंब संयुक्त की विभक्त?"

"छप्पर एक. चुली दोन, भाऊजींच्या लग्नापासून. जमिनीचं कोर्टात चालू आहे. गणपती मात्र एकच, आणि तो यांच्याकडे की त्यांच्याकडे बसवायचा यावरूनच तर दावा वाढला. आता तू शिकलेला आहेस, तूच सांग, काय लिहितोस?"

मी लिहिलं: 'कोर्टात विभक्त, गणपतीत संयुक्त.' आजही मला ती व्याख्या वाईट वाटत नाही.

"आता मासिक उत्पन्न, काकू."

"किती असतं रे साधारण? तुझ्या वडिलांना किती मिळतात?"

इथे पद्धतिशास्त्राने मला दगा दिला. विश्वास संपादन करण्यासाठी मुलाखत घेणाऱ्याने स्वतः मोकळं व्हावं असं माझ्या टिपणवहीत होतं. मी मोकळा झालो. मूळ पगार सांगितला, महागाई भत्ता सांगितला, पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता किती कापला जातो तेही सांगितलं. काकूंनी 'अगं बाई' एवढंच म्हणून कपात आणखी चहा ओतला. कर्ज कशासाठी? ताईच्या लग्नासाठी. स्थळ आलंय का? आलंय एक, कऱ्हाडचं. मुलगा काय करतो? पत्रिका जुळते का? हुंडा मागतायत का? चहा संपला तेव्हा माझ्या प्रश्नावलीत उत्पन्नाचा रकाना कोरा होता आणि आमच्या घराची पाहणी पूर्ण झालेली होती. काकूंनी एक शब्दही लिहून घेतला नव्हता. त्यांना लागत नाही.

पलीकडच्या आळीत तर आणखी पंचाईत. आमच्याकडे कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटाचा वेगवेगळा. नवस अफझलखानाच्या स्वारीच्या वेळचा, असं सांगतात. पण उत्सव आपापला आणि अभिमानही आपापला. समनर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०६ साली 'आपला गट' आणि 'परका गट' असा भेद मांडला, तो त्याने कृष्णेच्या काठी एक फेरी मारली असती तर बऱ्याच आधी मांडला असता. दार उघडताच पहिला प्रश्न: "तू त्या घाटाचा ना?" एका आजोबांनी तर मला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवून विचारलं, "तुमच्यात परवा प्रसादाला किती पानं उठली?" मी अंदाजाने सांगितलं. ते आत वळून म्हणाले, "कमीच!" आणि मगच मला पाणी मिळालं.

एका निवृत्त मास्तरांनी ही परीक्षाच आहे असं धरून उत्तरं दिली. निर्णय कोण घेते? "सर्वांच्या विचाराने." मागून त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, त्यांनी रकाना वाचला आणि ट्रे ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. मास्तरांनी माझ्या हातातला खोडरबर मागून घेतला.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा निकाल माझ्या आधी पोचला होता. आई ओट्याशी उभी होती. "पतसंस्थेचं कर्ज दळणाच्या रांगेत कळलं मला. कऱ्हाडच्यांना पत्रिका जुळत नाही हे कळवायचं होतं, ते आता त्यांच्या मावशीनेच त्यांना कळवलंय." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी कलम १९ मधली वाजवी बंधनं मात्र त्या रात्रीपासून लागू केली.

अहवालात मी प्रामाणिकपणे लिहिलं की पाहणी केलेल्या कुटुंबांचं सरासरी उत्पन्न सांगता येत नाही. पाहणी करणाऱ्याच्या कुटुंबाचं मात्र सर्व प्रतिसादकांना माहीत आहे. सरांनी लाल शाईत शेरा मारला: 'पाहणी ठीक. नमुना निवडण्याची गरज नव्हती, नमुना स्वतः घरोघर गेलेला दिसतो.'

बारावीला अर्थशास्त्राने गाठलं. गाइडं महाग, आणि प्रत्येक विषयाचं वेगळं. आमच्यात एक मित्र एसटीने येणारा, घरचा ऊस कारखान्याला जाणारा आणि विषय 'सहकार' घेतलेला. तो म्हणाला, "लेका, सोसायटी काढू." १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी पैसे जमवून दुकान काढलं आणि सहकार चळवळ उभी राहिली, आम्ही चहाच्या टपरीवर पैसे जमवून अर्थशास्त्राचं एक गाइड घेतलं. एक सभासद, एक मत. अध्यक्ष अर्थातच तो झाला, कारण त्याने भाग भांडवल भरलं नव्हतं आणि त्यामुळे त्याच्याकडे तटस्थता होती. मी सचिव. म्हणजे गाइडला कव्हर घालणं माझ्याकडे.

वर्षभर ते गाइड कोणाला लागलं नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांना एकाच रात्री लागलं. साधनं मर्यादित आणि गरजा अमर्याद ही रॉबिन्सची मांडणी त्या गाइडच्या पहिल्याच पानावर होती, आणि त्या पानासाठीच दोन सभासद हमरीतुमरीवर आले. अध्यक्षांनी तातडीची सर्वसाधारण सभा बोलावून तोडगा काढला: गाइड फाडायचं. प्रत्येकाला दोन-दोन प्रकरणं. मी विरोध केला तेव्हा मला ॲडम स्मिथ ऐकवण्यात आला. १७७६ सालच्या त्याच्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण आहे. दहा माणसांनी काम वाटून घेतलं, तर दिवसाला ४८,००० टाचण्या होतात. एकट्याने सगळं करायचं म्हटलं, तर वीससुद्धा व्हायच्या नाहीत. श्रमविभागणी! ठराव मंजूर झाला. मला लोकसंख्या आणि सार्वजनिक वित्त आलं. पाठांतर अप्रतिम झालं.

स्मिथने पुढे एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती आमच्यापैकी ज्याच्याकडे त्या प्रकरणाची पानं होती त्याने आम्हाला सांगितली नाही. श्रमविभागणी चालते ती विनिमयावर. मी टाचणीचं टोक केलं, तू डोकं केलंस, तर दोन्ही एकत्र यायला बाजार लागतो. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये विनिमयाला कॉपी म्हणतात. प्रश्नपत्रिकेत मागणीचा नियम आला, तो खिडकीपाशी बसला होता. गिफेनचा विरोधाभास आला, तो शेजारच्या हॉलमध्ये. लोकसंख्या ऐच्छिक प्रश्नात, गुण पाच. आम्ही सगळे मिळून त्या पेपरात बहुधा पहिले आलो असतो. बोर्डात तशी सोय नव्हती. अध्यक्ष मात्र चांगल्या गुणांनी पास झाले. त्यांच्या घरी स्वतःचं एक गाइड होतं.

मीही पास झालो, काठावर, पण कोरडा. मग डी.एड., मग जिल्हा परिषदेची शाळा. मास्तर झालेल्या माणसाला सरकार अध्यापनाखेरीज सर्व कामं देतं, त्यानुसार २०११ च्या जनगणनेत फेब्रुवारी महिन्यात माझ्या हाती पुन्हा पॅड आलं, आणि गट नेमका आमच्याच भागातला. या वेळी मी तयारीने गेलो. प्रश्न २९, सगळे छापील. कायद्याचं संरक्षण. एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब, ही व्याख्या पाठ. आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा निश्चय.

काकू आता ऐंशीच्या पुढे, ओट्यावर उन्हाला बसलेल्या. मी भराभर त्यांचे रकाने भरले. त्यांनी एकही उलट प्रश्न केला नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बस, पुढची घरं सांगते. ती कुलूप लावून मुलाकडे गेलीय, कोथरूडला. त्यांच्याकडे चार लिही. पाच सांगतील, पण थोरला वेगळा निघालाय. तिथं वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, ते भाचे म्हणून सांगतील."

नियमाप्रमाणे दारोदार जावंच लागतं. गेलो. एकही आकडा चुकला नव्हता. भाच्यांसकट.

परत जाताना त्यांनी पुन्हा हाक मारली. "तुमच्या घरचे किती लिहिलेस?"

"सहा."

"आत्तापुरतं बरोबर आहे," काकू म्हणाल्या, "भाद्रपदात सात होतील."

माझा निश्चय तिथेच संपला. "कसं काय?"

"धाकट्याच्या बायकोला विचार."

घरी येऊन पॅड ठेवलं आणि बायकोला हळूच विचारलं. ती शेंगा निवडत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. "पंधरा दिवस झाले की. मोरीवाल्यालासुद्धा माहितीय. तुम्ही आपले गावाची माणसं मोजत बसा."